पाण्याखालच्या दिव्यांसाठी बोटीच्या हलची तयारी : वाचकांचे प्रश्न

बोटीच्या मागच्या बाजूस, पाण्याच्या पृष्ठभागाखाली बसवायच्या एलईडी दिव्यांविषयी वाचकांकडून अनेक प्रश्न आले आहेत. त्यांपैकी बऱ्याच प्रश्नांचा रोख कोणता दिवा घ्यावा, किती उजेड पडेल, निळा रंग चांगला की हिरवा, याकडे आहे. या अंकात मुद्दाम दुसऱ्या बाजूचे प्रश्न निवडले आहेत : दिवा हातात येण्यापूर्वी बोटीच्या बाह्य कवचाचे, म्हणजे हलचे, काय करायचे? बिघडलेला दिवा तासाभरात बदलता येतो. जलरेषेखाली पाडलेले छिद्र मात्र बोटीच्या अखेरपर्यंत तिच्याबरोबर राहते, आणि त्याची कड नीट बंद झाली नसेल तर त्याचा त्रास काही वर्षांनी, भलत्याच ठिकाणी दिसू लागतो. म्हणून पुढील बहुतेक उत्तरे दिव्यापेक्षा त्या छिद्राच्या कडेविषयीच आहेत.

प्रश्न : माझी ९ मीटर लांबीची फायबरग्लासची बोट तळाच्या रंगकामासाठी पाण्याबाहेर काढायची आहे. त्याच वेळी मागच्या सपाट भागावर, म्हणजे ट्रान्समवर, चार दिवे बसवावेत असा विचार आहे. हे अर्ध्या दिवसाचे काम असल्याचे मला सांगण्यात आले. छिद्र पाडण्यापूर्वी कोणती तयारी करावी आणि प्रत्यक्षात किती दिवस हाताशी ठेवावेत?

उत्तर : दिवा छिद्रात घालून मागून नट आवळणे एवढेच काम मानले, तर अर्धा दिवस पुरेल. हलची तयारी मात्र साहित्य पक्के होण्याच्या वेळेनुसार चालते. छिद्राच्या कडेला लावलेले एपॉक्सी, म्हणजे दोन घटक मिसळल्यावर घट्ट होणारे रेझिन, काही तासांत हाताला कोरडे लागते. परंतु पूर्ण ताकदीला येण्यासाठी त्याला साधारण २५ अंश सेल्सिअस तापमानात सुमारे आठवडा लागतो. पॉलियुरेथेनचे सीलंट, म्हणजे फटी बुजवणारा लवचीक पदार्थ, हवेतील ओलावा शोषून बाहेरून आत पक्के होत जाते आणि त्याची गती दिवसाला सुमारे ३ मिलिमीटर एवढीच असते. म्हणून रंगकामाचे दिवस सोडून निदान दहा दिवस हाताशी ठेवावेत. हलमध्ये ओलावा आढळला, तर हे वेळापत्रक विसरून जावे आणि हल सुकेपर्यंत थांबावे.

पहिली तयारी बोट पाण्यात असतानाच करायची असते. इंधनाच्या व पाण्याच्या टाक्या भरून, नेहमी असतात तेवढी माणसे आणि सामान बोटीत ठेवून, ट्रान्समवर पाणी कोठपर्यंत येते ते पाहावे आणि ती रेषा जलरोधक टेपने नोंदवून ठेवावी. बोट वर काढल्यावर तळावरच्या शेवाळाच्या डागावरून जलरेषेचा अंदाज बांधला जातो. पण तो डाग बोट रिकामी उभी असतानाचा असू शकतो. दिव्याचा मध्य या रेषेखाली साधारण २० ते ३० सेंटिमीटरवर येईल असे पाहावे. दिवा याहून वर असेल तर उजेड पृष्ठभागावरच पसरून डोळ्यांत जातो, आणि लाटेवर बोट डोलली की दिवा हवेत उघडा पडतो. अनेक शक्तिशाली एलईडी दिवे भोवतीच्या पाण्यानेच थंड राहत असल्यामुळे हे त्यांच्या आयुष्याच्या दृष्टीनेही वाईट असते.

यानंतर बोटीत उतरून प्रत्येक नियोजित जागा आतल्या बाजूने पाहावी. बाहेरून मोकळ्या दिसणाऱ्या ट्रान्समच्या मागे इंधनाची टाकी, लांबीच्या आधारपट्ट्या, सुकाणूची यंत्रणा किंवा तारांचा जुडगा असू शकतो. दिव्याचे मागचे अंग, नट, आधाराची फळी आणि नट फिरवणारा हात या सर्वांना आत जागा हवी. जेथे हात पोचत नाही तेथे दिवा बसवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण पुढे एखाद्या दिवशी त्या जागेतून पाणी आले, तर ते थांबवायलाही हात पोचणार नाही. बाहेरच्या बाजूने पंख्याकडे जाणारा पाण्याचा प्रवाह, खोली मोजणाऱ्या सेन्सरच्या पुढची जागा आणि ट्रिम टॅब, म्हणजे बोटीचा तोल साधणाऱ्या हलत्या पट्ट्या, जेथून वरखाली होतात तो भाग टाळावा. चारही जागांची मापे एकाच खुणेपासून, म्हणजे मध्यरेषेपासून आणि ट्रान्समच्या वरच्या कडेपासून घ्यावीत. जमिनीपासून घेऊ नयेत, कारण टेकूंवर ठेवलेली बोट क्वचितच समपातळीत उभी असते.

साफसफाईतही क्रम महत्त्वाचा आहे. तळ गोड्या पाण्याने धुऊन शंख-शेवाळ काढावे. मग मेण काढणाऱ्या द्रावकाने जागा पुसावी आणि त्यानंतरच सँडपेपर हाती घ्यावा. आधी घासले, तर जेलकोटवरचे, म्हणजे फायबरग्लासच्या सर्वांत बाहेरच्या गुळगुळीत थरावरचे, जुने मेण ओरखड्यांच्या तळाशी जाऊन बसते, आणि मग कोणतेही एपॉक्सी किंवा सीलंट तेथे मनापासून धरत नाही. पुसताना एका फडक्याने द्रावक लावावा आणि तो उडून जाण्यापूर्वी दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपून घ्यावा. एकच फडके फिरवत राहिल्यास मळ फक्त जागा बदलतो. तळाच्या जुन्या रंगात बहुधा तांब्याची संयुगे असतात, तेव्हा तो कोरडा घासू नये; पाणी मारून ओला घासावा आणि तरीही चांगला श्वसन-मुखवटा वापरावा. दिव्याच्या कड्याखाली, म्हणजे हलला बाहेरून टेकणाऱ्या त्याच्या रुंद किनारीखाली, येणारी जागा व भोवतीचे दोन-तीन सेंटिमीटर एवढाच रंग काढणे पुरेसे आहे.

प्रश्न : आरपार बसणारा दिवा घ्यावा की पृष्ठभागावर स्क्रूने बसणारा? आरपार दिव्याचे छिद्र मोठे असते याची भीती वाटते. ती अवाजवी आहे काय?

उत्तर : भीती अवाजवी नाही, आणि ती आकड्यांतही मांडता येते. पाण्याखाली ३० सेंटिमीटरवर असलेल्या छिद्रातून पाणी सेकंदाला सुमारे २.४ मीटर वेगाने आत शिरू पाहते. छिद्राच्या कडेमुळे प्रवाह आकसतो हे धरूनही, ५० मिलिमीटर व्यासाच्या उघड्या छिद्रातून मिनिटाला साधारण १७० लिटर, म्हणजे तासाला दहा टनांच्या आसपास पाणी येईल. तासाला २,००० लिटर क्षमतेचा लहान पंप त्यापुढे काहीच करू शकत नाही. याउलट केबलपुरत्या १२ मिलिमीटरच्या छिद्रातून मिनिटाला सुमारे १० लिटर पाणी येते आणि तोच पंप ते सहज उपसतो.

म्हणून लहान बोटीसाठी मी पृष्ठभागावर बसणारा दिवा सुचवतो. त्यातही केबल ट्रान्समवरूनच वर नेऊन जलरेषेच्या वर आत घेता आली, तर जलरेषेखाली केवळ स्क्रूची छिद्रे राहतात. आरपार दिव्याचे काही गुण आहेत हे मान्य : त्याचे अंग प्रवाहात कमी येते, आणि काही प्रकारांत बोट पाण्याबाहेर न काढता आतूनच दिव्याचा भाग बदलता येतो. मोठ्या बोटींवर असे दिवे बसवताना आतून त्यांच्याभोवती जलरोधक पेटी बांधतात. दिवा फुटला तरी पाणी त्या पेटीतच अडावे आणि बोटीत पसरू नये, हा तिचा उद्देश असतो. असा दिवा घेणाऱ्याने ही पेटीसुद्धा हलच्या तयारीचाच भाग मानावी.

प्रश्न : चाचणीसाठी आतून लहान छिद्र पाडले असता पांढऱ्या भुग्याबरोबर लाकडाचा ओलसर, तपकिरी भुगा निघाला. बोट तर फायबरग्लासची आहे. आता पुढे काय करावे?

उत्तर : आपण ते छिद्र आधी पाडून पाहिलेत ही फार चांगली गोष्ट झाली. आपल्या हलमध्ये गाभा आहे. फायबरग्लासचे दोन पातळ थर आणि त्यांच्यामध्ये बालसा लाकूड किंवा फोम अशी ही रचना असते. कमी वजनात ताठपणा मिळतो, म्हणून ती वापरतात, आणि गाभा कोरडा असेपर्यंत ती उत्तम काम देते. कोरड्या बालसाचा भुगा फिकट पिवळसर असतो. तपकिरी, ओला आणि कुबट वासाचा भुगा निघणे याचा अर्थ पाणी आधीच कोठून तरी आत शिरलेले आहे. ते आपल्या नव्या दिव्यामुळे आलेले नाही. बहुधा जवळच्या एखाद्या जुन्या स्क्रूच्या किंवा पाइपच्या छिद्रातून आले असावे. अशा जागेवर दिवा बसवून छिद्र बंद केले, तर ओलावा आतच कोंडला जाईल.

प्रथम ओल कोठपर्यंत पसरली आहे ते ठरवावे. प्लॅस्टिकच्या तोंडाच्या लहान हातोडीने हल हलकेच ठोकत जावे : निरोगी जागी टणक, स्वच्छ आवाज येतो, तर थर सुटलेल्या किंवा गाभा कुजलेल्या जागी तो बद्द येतो. ओलावामापकाचाही उपयोग होतो, मात्र तांबेयुक्त रंगावरून घेतलेले वाचन विश्वासार्ह नसते, आणि मागे पाण्याची टाकी किंवा धातू असल्यासही ते फसवे येते. अखेरचा निर्णय ३ मिलिमीटरच्या छिद्रांनीच करावा. आतल्या थरातून, पाच ते दहा सेंटिमीटरच्या अंतराने, बाहेरचा थर न भेदता अशी छिद्रे पाडत जावे आणि चारही दिशांना कोरडा भुगा लागला की थांबावे. बालसाचे तुकडे आडवे कापून, तंतू दोन्ही थरांना काटकोनात येतील असे बसवलेले असतात, त्यामुळे लाकडातून पाणी बाजूला सावकाश सरकते. पण वळणदार हलमध्ये गाभ्याचा तक्ता वाकावा म्हणून त्याला चिरा दिलेल्या असतात. बांधणीच्या वेळी त्या चिरा रेझिनने भरल्या गेल्या नसतील, तर त्या चिरा पाण्याला पाटासारख्या उपयोगी पडतात, आणि मग ओल अनपेक्षित दूरवर सापडते.

जेवढा भाग ओला आढळेल तेवढा आतला थर कापून, गाभा काढून, नवा गाभा घालून पुन्हा थर देणे हाच खरा उपाय आहे. हे दिव्यापेक्षा मोठे काम आहे हे मी जाणतो. परंतु ते टाळून दिवा बसवण्याचा सल्ला मला देता येणार नाही.

आता गाभा कोरडा असलेल्या जागी दिवा बसवायचा असेल, तेव्हा काय करावे ते पाहू. कारण हीच चूक सर्वांत अधिक होते. गाभ्याच्या हलमधून सरळ छिद्र पाडून त्यात सीलंट भरले, तर गाभा आणि समुद्र यांच्यामध्ये केवळ त्या सीलंटची पातळ फीत उरते. शिवाय नट आवळताच दोन थरांमधला मऊ गाभा दबतो, आवळ सैल पडते, ती फीत फाटते, आणि पाण्याचा शिरकाव सुरू होतो. म्हणून दिव्याच्या जागी गाभा असताच कामा नये. तेथे हल भरीव करून घ्यावा. त्यासाठी आतल्या बाजूने, दिव्याच्या नटापेक्षा आणि आधाराच्या फळीपेक्षा चोहोबाजूंनी निदान २५ मिलिमीटर मोठे असे वर्तुळ फक्त आतल्या थरात कापावे, तो थर उचलावा आणि खालचा गाभा पटाशीने बाहेरच्या थरापर्यंत काढून टाकावा. गाभ्याची उघडी कड आणि बाहेरच्या थराची आतली बाजू खरखरीत करून, पुसून, त्यांवर प्रथम पातळ एपॉक्सी ब्रशने लावावे. बालसा ते पिऊन घेतो, आणि पहिला हात कोरडा वाटला तर दुसरा द्यावा. त्यानंतर खड्डा काचतंतूच्या कापडाचे एकावर एक थर देऊन भरावा. खड्डा लहान असेल, तर सिलिकाची भुकटी मिसळून मलमाइतके घट्ट केलेले एपॉक्सीही चालते, परंतु ते एकाच वेळी खोलवर भरू नये. एपॉक्सी पक्के होताना उष्णता निर्माण होते, आणि जाड थरात ती बाहेर पडू न शकल्याने मिश्रण तापून तडकते. साधारण एका सेंटिमीटरचा थर द्यावा, तो निवू द्यावा, मग पुढचा द्यावा. भरीव झालेला हा भाग पूर्ण पक्का झाल्यावरच त्याच्या मधोमध दिव्याचे छिद्र पाडावे. असे छिद्र सर्व बाजूंनी भरीव फायबरमधून जाते आणि गाभ्याला पाण्याची ओळखही होत नाही.

केबलपुरत्या लहान छिद्रासाठी याहून सोपी रीत पुरते : छिद्र पाडून, वाकवलेला खिळा ड्रिलमध्ये धरून आतला गाभा चोहोबाजूंनी खरवडावा, ती पोकळी घट्ट एपॉक्सीने भरावी आणि नंतर तीतून नव्याने छिद्र पाडावे.

येथे एक सूचना द्यावीशी वाटते. पॉलिस्टर रेझिनची सवय असलेले कारागीर हार्डनर कमी-जास्त करून पक्के होण्याची गती बदलतात. एपॉक्सीत तसे करता येत नाही. त्याचे दोन्ही घटक ठरलेल्या प्रमाणातच एकमेकांशी जोडले जातात. हार्डनर जास्त घातला, तर काम लवकर होण्याऐवजी मिश्रण कायमचे कच्चे राहते. गती हवी असल्यास वेगळा, जलद हार्डनर घ्यावा.

प्रश्न : मागच्या वेळी पाण्याच्या पाइपसाठी छिद्र पाडताना जेलकोटच्या कडा फुटल्या. या वेळी ते कसे टाळावे?

उत्तर : आतून पाडलेल्या लहान मार्गदर्शक छिद्राच्या आधाराने मुख्य छिद्र बाहेरून पाडावे. जागेवर मास्किंग टेप दुहेरी लावावी, फायबरसाठी असलेला कार्बाइड कडेचा होल सॉ, म्हणजे गोल छिद्र कापणारी नळीसारखी करवत, घ्यावा, आणि जेलकोट कापला जाईपर्यंत ड्रिल उलट्या दिशेने फिरवावे. उलट फिरणारे दाते जेलकोट उचकटत नाहीत, केवळ घासतात. जेलकोट पार झाला की दिशा सरळ करावी आणि जोर न लावता सॉला त्याच्या गतीने जाऊ द्यावे. मार्गदर्शक ड्रिल आत निघाल्यावर आतून कोणीतरी लाकडाचा ठोकळा घट्ट दाबून धरावा किंवा उरलेले अर्धे छिद्र आतून पूर्ण करावे, म्हणजे आतला थर फाटत नाही. ड्रिल पृष्ठभागाला काटकोनातच राहिले पाहिजे. तिरक्या छिद्रात दिव्याचे कडे एका बाजूनेच टेकते.

छिद्र पाडून झाले की बाहेरच्या कडेला किंचित उतार द्यावा. त्या उतारात सीलंटची जाडसर कडी तयार होते, आणि सपाट पृष्ठभागांमध्ये दबलेल्या पातळ थरापेक्षा ती पाणी अधिक चांगले अडवते. भरीव फायबरमध्येही कापलेली कड तशीच सोडू नये. तेथे काचतंतूंची हजारो टोके उघडी पडलेली असतात आणि त्यांच्या कडेने पाणी केशाकर्षणाने आत झिरपते. पातळ एपॉक्सीचे दोन हात त्या कडेला द्यावेत. पक्क्या झालेल्या एपॉक्सीवर कधीकधी मेणासारखा बुळबुळीत थर येतो. तो द्रावकाने न पुसता साध्या पाण्याने घासून धुवावा, आणि सुकल्यावर सँडपेपर फिरवून मगच सीलंट लावावे.

प्रश्न : माझी बोट ॲल्युमिनियमची आहे. मला ब्राँझचे दिवे मिळत आहेत. रबराची वॉशर घालून ते बसवले तर चालतील काय?

उत्तर : नाही. समुद्राच्या पाण्यात ब्राँझ आणि ॲल्युमिनियम यांच्या विद्युत-विभवात अर्ध्या व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून अधिक फरक पडतो. दोन्ही एकमेकांस धातूमार्गे जोडले गेले की ॲल्युमिनियम झिजू लागते आणि ही झीज छिद्राच्या भोवतीच एकवटते. वॉशर कड्याखाली अडसर घालते हे खरे. पण दिव्याची दांडी छिद्राच्या कडेला टेकते, नट आतल्या बाजूला टेकतो आणि जोडणी होऊन जाते. प्लॅस्टिकच्या अंगाचा दिवा, किंवा दांडी, कडे आणि नट या तिन्ही ठिकाणी हलपासून पूर्ण वेगळे ठेवणारा संच ज्याच्यासाठी निर्मात्याने दिला आहे असाच दिवा घ्यावा. बसवल्यावर, तारा जोडण्यापूर्वी, मल्टिमीटरने दिव्याचे अंग आणि हल, तसेच दिव्याची प्रत्येक तार आणि हल यांच्यातील रोध मोजावा. कोठेही जोडणी दिसता कामा नये.

तयारीतही फरक आहे. ॲल्युमिनियम साध्या पोलादी तारेच्या ब्रशने घासू नये, कारण ब्रशचे लोखंडी कण पृष्ठभागात रुततात आणि तेथे खड्डे पडतात. घासलेल्या ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर फार लवकर चढतो, म्हणून घासणे, पुसणे आणि एपॉक्सी प्रायमर लावणे ही कामे त्याच दिवशी, लागोपाठ व्हावीत. छिद्राच्या कापलेल्या कडेलाही प्रायमर हवाच. दिवे जोडताना कापलेल्या तांब्याच्या तारांचे तुकडे बोटीच्या तळाशी पडू देऊ नयेत. तळातल्या पाण्यात पडलेला तांब्याचा लहानसा तुकडाही ॲल्युमिनियमला भोक पाडू शकतो. तळाला तांब्याच्या ऑक्साइडचा रंग लावायचा नाही, हे आपणांस ठाऊक असेलच.

प्रश्न : लाकडी बोटीसाठी हीच पद्धत वापरावी काय?

उत्तर : दोन बाबतींत नाही. पहिली बाब सुकवण्याची. फायबरची बोट जितकी सुकेल तितके चांगले. फळ्यांची बोट मात्र फार दिवस उन्हात ठेवल्यास फळ्या आकसतात आणि सांधे उघडतात. तेव्हा कामाची जागा तेवढी कोरडी करावी आणि बाकीचा तळ सावलीत ठेवावा. छिद्र फळीच्या मध्यावर, दोन बरगड्यांच्या मधोमध घ्यावे. सांध्यावर किंवा फळीच्या जोडाजवळ घेऊ नये. कापलेल्या कडेचे आडवे तंतू पातळ एपॉक्सीने भरून घ्यावेत आणि आतून पुरेसा रुंद आधार द्यावा. लाकूड फुगते-आकसते, म्हणून कडक चिकटणाऱ्या सीलंटपेक्षा लवचीक राहणारे सीलंट येथे योग्य.

दुसरी बाब झिंकच्या ॲनोडची, म्हणजे इतर धातूंऐवजी स्वतः झिजणाऱ्या जस्ताच्या तुकड्याची. फायबरच्या बोटीत पाण्याखालचे धातूचे भाग तारेने एकत्र जोडून ॲनोडला जोडण्याची रीत आहे, आणि दिव्याच्या निर्मात्याने सांगितले असेल तर तेथे ती पाळावी. लाकडी बोटीत मात्र एकट्या ब्राँझच्या भागाला असे जोडल्यास त्याच्याभोवती अल्कली तयार होते आणि ती लाकूड मऊ करून टाकते. धातू सुरक्षित राहतो व भोवतीची फळी जाते. उत्तम ब्राँझ लाकडात न जोडताही वर्षानुवर्षे टिकते. पितळ मात्र घेऊ नये. समुद्राच्या पाण्यात त्यातील जस्त निघून जाते आणि मागे तांब्याचा ठिसूळ, सच्छिद्र सांगाडा राहतो.

प्रश्न : घरकामातून उरलेले सिलिकॉन सीलंट वापरता येईल काय?

उत्तर : जलरेषेखाली वापरू नये. त्याची पकड पुरेशी नसते, आणि ते काढले तरी त्याचा अंश पृष्ठभागावर राहून पुढे रंग किंवा दुसरे सीलंट तेथे धरत नाही. पॉलिसल्फाइड धातूच्या दिव्यांना चांगले. पण ॲक्रिलिक, पॉलिकार्बोनेट अशा प्लॅस्टिकना ते अपाय करते. कायमच्या पकडीचे पॉलियुरेथेन इतके घट्ट बसते, की पुढे दिवा काढताना जेलकोटही त्याबरोबर निघू शकतो. दिवा कधीतरी बदलावा लागणार हे लक्षात घेता मध्यम पकडीचे, जलरेषेखालच्या वापरासाठीचे सीलंट घ्यावे आणि दिव्याच्या निर्मात्याने कोणते मना केले आहे ते आधी वाचावे. नट आवळताना चहूबाजूंनी सारखे सीलंट बाहेर आले की थांबावे. पक्के झाल्यावर आणखी एक फेरा देण्याचा मोह होतो. तो फेरा तयार झालेली पकडच तोडतो.

प्रश्न : ज्या जागी दिवा हवा आहे तेथे हल किंचित वळलेला आहे. कडे पूर्ण टेकत नाही. सीलंट जास्त भरून भागेल काय?

उत्तर : भागणार नाही. आवळल्यावर कडे त्या वळणाशी जुळवून घेऊ पाहते आणि दिव्याचे अंग किंवा काच तडकते. कड्याच्या मागच्या बाजूला खडू घासून दिवा जागेवर किंचित फिरवावा. खडूच्या खुणा उठतील ते उंचवटे होत. फरक थोडा असेल, तर घट्ट एपॉक्सीने सपाट बैठक तयार करावी आणि ती पक्की झाल्यावर सरळ पट्टीला सँडपेपर लावून सपाट करावी. तळाच्या उतारामुळे दिवा खाली झुकत असेल, तर त्याच उताराचा पाचराकार ठोकळा बाहेरून आणि तसाच उलटा आतून बसवावा, म्हणजे नटही सपाट टेकेल. हे ठोकळे भरीव फायबरचे करावेत. लाकडाचे केल्यास सर्व बाजूंनी एपॉक्सीने बंद करावेत.

प्रश्न : ट्रान्समवर जुन्या सेन्सरचे छिद्र आहे. तेथेच दिवा बसवून नवे छिद्र वाचवावे काय?

उत्तर : जागा योग्य असेल आणि छिद्र दिव्याला हव्या असलेल्या मापाहून लहान असेल, तर जरूर वाचवावे. मात्र कड नव्याने कापून आतला थर तपासावा. जुन्या छिद्रांभोवतीच ओलावा अधिक आढळतो. छिद्र मोठे असेल, तर सीलंट भरून दिवा त्यात बसवू नये. ते छिद्र रीतसर बुजवावे : कडेला हलच्या जाडीच्या सुमारे बारा पट रुंदीचा उतार द्यावा, म्हणजे ६ मिलिमीटर जाडीला चोहोबाजूंनी ७२ मिलिमीटर, आणि त्यावर काचतंतूचे थर एपॉक्सीने द्यावेत. उतार उगाच एवढा लांब नसतो. नव्या थराची जुन्यावरची पकड त्याच लांबीत सामावलेली असते. अशा रीतीने भरीव झालेल्या जागी नंतर योग्य मापाचे छिद्र पाडायला हरकत नाही.

प्रश्न : तळाचा रंग दिव्यांवरूनही मारावा काय? आणि बोट पाण्यात उतरवताना काय तपासावे?

उत्तर : सीलंट पूर्ण पक्के झाल्यावर रंग कड्यापर्यंत आणावा, काचेवर टेप लावून ती झाकून ठेवावी. काचेवर शंख-शेवाळ चढणारच, ते लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने वरचेवर काढावे. बोट बाहेर असताना दिवे लागतात की नाही हे पाहायचे असल्यास क्षणभरच लावून पाहावेत, कारण पाण्याविना ते पटकन तापतात. रात्री चालत्या बोटीवर ते बंद ठेवावेत. समुद्रावरील टक्कर टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांतील विसाव्या नियमानुसार, बोटीच्या ठरावीक दिव्यांशी घोटाळा होईल किंवा टेहळणीत अडथळा येईल असा कोणताही उजेड सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत दाखवता येत नाही.

उतरवताना क्रेनचालकाला आधीच सांगून ठेवावे, की बोट पाण्यात तरंगू लागली तरी तिला उचलणारे पट्टे लगेच काढायचे नाहीत. आत उतरून प्रत्येक नटाभोवती, केबलच्या छिद्राभोवती आणि स्क्रूंच्या टोकांभोवती कोरडा टिशू कागद फिरवावा. डोळ्यांना न दिसणारी ओल कागद लगेच दाखवतो. एकही जागा ओली लागली, तर बोट तेव्हाच परत वर घ्यावी, आतून सीलंट थापून वेळ मारून नेऊ नये. सर्व कोरडे असेल, तर अर्ध्या तासाने पुन्हा तसेच पाहावे आणि त्यानंतर पट्टे सोडण्यास सांगावे. पहिली रात्र बोट धक्क्यालाच बांधून ठेवावी आणि सकाळी पंप चालवण्यापूर्वी तोच कागद घेऊन पुन्हा आत जावे.